हातगुण

३ ऑगस्ट

डॉक्टरांना सांगितलं, मला काहीच होत नाही. ते म्हणाले, मग तेच लिहून काढा. म्हणून ही वही. लॅबची आहे, जास्तीची आली होती, मॅडमना विचारून घरी आणली. पानांवर आकडे छापलेले आहेत. लॅबचेच नियम इथे पाळणार, कारण दुसरे मला माहीत नाहीत. पेनने लिहायचं. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं.

तर नोंद. नवरा जाऊन सहा महिने बावीस दिवस झाले. हृदय. सकाळी दाढी करताना. घरात आता मी आणि सासूबाई. मी बावन्न, त्या एकोणऐंशी. मूलबाळ नाही. भूक वेळेवर लागते, झोप लागते, रडू येत नाही. लोक म्हणतात, बाई धीराची. धीरबीर काही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो तसं आहे. चावला गेला तरी कळत नाही.

सकाळी गुडघे, वीस मिनिटं. सासूबाईंच्या गुडघ्यांना एरंडेल चोळते. हे काम त्याचं होतं. रोज कामावर जायच्या आधी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसायचा. तो गेल्यावर पाचव्या दिवशी मी बाटली उचलली आणि काम माझ्याकडे आलं. कोणी सांगितलं नव्हतं.

५ ऑगस्ट

कामाचं लिहिते, ते सोपं जातं.

आमच्याकडे एक रिसेप्टर आहे. पेशीला पातळ कातडी असते, तिच्यात अडकवलेलं हे प्रथिन. सात दांड्या, कातडीतून आरपार गेलेल्या, आणि वर झाकण. बाहेर फिरणारी एखादी चरबी ओळखायची आणि पेशीला आत निरोप द्यायचा, एवढंच त्याचं काम. झाकण असल्यामुळे चरबी वरून शिरत नाही. ती कातडीतूनच सरकत येते आणि दोन दांड्यांमधल्या फटीतून आत घुसते, रांगेत ओळखीचा माणूस बघून मधेच घुसतात तशी. ती आत बसली की दांड्या जरा हलतात, खालची बाजू उघडते आणि पेशीला कळतं की कोणीतरी आलंय. आमच्या रिसेप्टरची चरबी कोणती, ते अजून कोणालाच सापडलेलं नाही. अशा रिसेप्टरला अनाथ म्हणायची पद्धत आहे. मी पाडलेली नाही.

पेशींतून तो सुखरूप बाहेर काढायचा, हे माझं काम. साबणाने कातडी विरघळवायची, रिसेप्टर बारीक मण्यांवर पकडायचा, धुवायचा, सोडवायचा, आटवायचा. शेवटी एका नळीतून सोडायचा. नीट उभा असेल तर पडद्यावर एकच टोकदार डोंगर दिसतो. कोलमडला असेल तर सगळ्यात आधी एक बसकी ढेकूळ येते. चार वर्षं सगळ्यांच्या हातून ढेकूळच येत होती. माझ्याही. फेब्रुवारीपासून माझ्या हातून डोंगर यायला लागला. फक्त माझ्याच.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना सगळे 'घड्याळ' म्हणतात, कारण ते मिनिटाचीही चूक करत नाहीत. त्यांनी माझ्या बाजूला उभं राहून प्रत्येक पायरी लिहून घेतली. त्याच बाटल्या, तेच मणी. त्यांची ढेकूळ. शेवटी म्हणाले, "हातगुण आहे हो तुमचा. दुसरं काय." मॅडम तर पाहुणे आले की माझे हात दाखवतात.

हे आज गुडघे चोळताना सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार वर्षं कुठे गेला होता मग गुण? हात तर तेच आहेत."

म्हटलं, असतं एकेक.

११ ऑगस्ट

नणंद येऊन गेली. आपल्या आईला घेऊन जायचं म्हणते, कायमचं.

"वहिनी, तू दिवसभर लॅबमध्ये. ही एकटी भिंतीकडे बघत बसते. माझ्याकडे नातवंडं आहेत, माणसांची ये-जा आहे. आणि तुलाही जरा मोकळं होता येईल."

म्हटलं, माझी हरकत नाही.

"तू खरंच म्हणतेस ना?"

खरंच म्हटलं. तपासून पाहिलं, हरकत सापडली नाही. ठरलं असं की सप्टेंबरच्या सुरुवातीला आठ दिवस न्यायचं, करमतंय का बघायचं, आणि करमलं तर महिनाअखेर सामानासकट.

नणंद गेल्यावर सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. "मला काय," त्या म्हणाल्या, "मी खुंटीवरची पिशवी. अडकवाल तिथे लटकेन." मग स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग स्वतःच खाली काढली. मी ओरडले, पडाल म्हणून. तेल मात्र चांगलं लागू पडलेलं दिसतंय.

१९ ऑगस्ट

नोंद करण्यासारखी गोष्ट घडली.

महिनाभर माझे नमुने गोठवून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली चालले होते. लाखो अंधूक चित्रं काढायची आणि एकमेकांवर रचायची, म्हणजे एक स्पष्ट आकार उभा राहतो. आज राहिला. सात दांड्या, झाकण, फट. आणि आतल्या पोकळीत काहीतरी बसलेलं! लांबट, एका जागी वाकलेलं. आम्ही काही घातलं नव्हतं. तरी आहे.

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. "ही त्याची चरबी आहे," म्हणाल्या. "पेशीने स्वतः बनवलेली. तुमच्या हातून ती टिकून राहिली म्हणून तो उभा आहे. बाकीच्यांच्या हातून धुतली जाते, म्हणून कोलमडतो." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात सुटल्यावर.

नमुना काटेवाल्यांकडे पाठवला. ते तळमजल्यावर बसतात, त्यांचं यंत्र रेणूंचं वजन करतं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला की चरबीची साधी साखळी आहे, अठरा कार्बनची, पण मधे कुठेतरी एक जास्तीचा ऑक्सिजन टांगलेला आहे. नेमका कितव्या कार्बनवर ते शोधायला वेळ लागेल.

२० ऑगस्ट

सकाळी गुडघे. विशेष बोलणं नाही. फक्त चित्राचं सांगितलं आणि मॅडमनी हात धरल्याचं. आणि हे, की मला आनंद व्हायला हवा होता पण तो कुठेतरी शेजारच्या खोलीत झाल्यासारखा वाटला. सासूबाई म्हणाल्या, "झाला ना पण? येईल इकडे."

मग त्याचं काहीतरी निघालं. बटाटे सोलताना तो साल मोडू न देता एका लांब पट्टीत काढायचा, ते. वीस मिनिटं झाली म्हणून उठले. हात साबणाने दोनदा धुतले. एरंडेल काही केल्या जात नाही, बोटं दिवसभर गुळगुळीत राहतात. जुनं आहे, दोन वर्षांपूर्वी त्याने मोठा डबा आणला होता. स्वस्त पडतो म्हणाला होता.

२८ ऑगस्ट

पंचवीस सप्टेंबरला परिषद आहे, तिथे मॅडम हे जाहीर करणार. अनाथाला माणूस मिळालं. पण त्यासाठी तुलना हवी. चरबी असलेला रिसेप्टर आणि रिकामा. "रिकामा करून द्या," म्हणाल्या.

मग मी धुतला. पाच वेळा, आठ वेळा, शेवटी बारा वेळा. प्रत्येक वेळी नवं पाणी, नवा साबण, नवी नळी. तपासला की चरबी जागच्या जागी. बारा वेळा धुतलेल्यात तर उलट जरा जास्तच.

घड्याळ म्हणाले, "घट्ट धरून बसलाय बिचारा."

मॅडम खूश झाल्या. इतकं घट्ट धरतो म्हणजे ती त्याचीच. मला ते पटलं नाही. धुतल्यावर कमी व्हायला हवं, वाढतं कसं? पण पटलं नाही असं म्हणायला लागतो तो उत्साह नव्हता. इथे लिहून ठेवते.

२ सप्टेंबर

सासूबाईंना नणंद घेऊन गेली. आठ दिवसांसाठी. जाताना म्हणाल्या, "डबा वेळेवर खा. दिवे बंद कर." मी म्हटलं, हो. गाडी वळेपर्यंत थांबले, तसं थांबायची पद्धत असते.

४ सप्टेंबर

सकाळी नेहमीच्या वेळी बाटली काढली आणि स्टुलावर बसले. समोर खुर्ची. दोनेक मिनिटांनी लक्षात आलं. बाटली परत ठेवली.

वीस मिनिटं शिल्लक राहिली. त्यांचं काय करायचं ते सुचलं नाही. न्हाणीघरात उभी राहिले. पेल्यात त्याचा दाढीचा ब्रश आहे, केसांत साबण वाळून टणक झालाय. तो उचलला आणि ठेवला. लॅबमध्ये वीस मिनिटं लवकर पोचले, बाहेर उभी होते. घड्याळही नव्हते आले.

६ सप्टेंबर

ढेकूळ आली.

फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. सगळं तेच केलं होतं. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या, होतं एखाद्या वेळी, पुन्हा करा.

८ सप्टेंबर

पुन्हा ढेकूळ. काटेवाल्यांनी तपासलं, आत चरबी नाही. म्हणजे रिकामा हवा होता तो हाच. पण रिकामा झाला तर उभाच राहत नाही, त्याची तुलना कशाशी करणार?

नणंदेचा फोन आला. "वहिनी, आई मस्त आहे गं. दिवसातून चारदा जिना चढते-उतरते. गुडघ्यांचं नाव नाही." मी विचारलं, तेल कोण लावतं? "कोणी नाही. मी म्हटलं लावू का, तर म्हणाली, काही नको."

तिकडची हवा कोरडी आहे, मानवली असेल.

रात्रीचं जेवण साडेसातलाच उरकलं. आज दिवसभरात लॅबबाहेर कोणाशी बोलले ते मोजलं. नणंद, आणि लिफ्टमध्ये एकजण, "कितवा मजला?"

१० सप्टेंबर

तिसरी ढेकूळ. आमच्यात तीनदा आल्याशिवाय काहीच खरं मानत नाहीत. आता तीनदा आली. मॅडम पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. "पंधरा दिवसांवर परिषद आलीये आणि तुमचा हात कुठे गेला?" हात इथेच आहे, मी मनात म्हटलं. हात तर तेच आहेत.

सासूबाई आज परत येणार होत्या. आल्या नाहीत. नणंद म्हणाली, "रमली आहे, राहू दे आता इथेच. येण्या-जाण्याची दगदग कशाला? तिचं सामान बांधून ठेव, रविवारी गाडी पाठवते. चालेल ना?"

म्हटलं, माझी हरकत नाही.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "डबा खातेय का विचार." नणंदेने विचारलं. हो म्हटलं. इथे एक ओळ लिहिली होती, ती एका रेघेने खोडली. वाचता येते, येऊ दे.

~~आज मला त्यांना फोनवर दे असं म्हणायचं होतं.~~

१२ सप्टेंबर

काटेवाले स्वतः वर आले. ते कधी वर येत नाहीत. माझ्या टेबलाशी उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या त्या जुन्या नमुन्यांतला जास्तीचा ऑक्सिजन बाराव्या कार्बनवर आहे."

"मग?"

"मग पेशी तसं बनवत नाही. माझ्या माहितीत तरी नाही. झाड बनवतं. एरंड. बी भरलेलं असतं त्याने. तेल जुनं झालं की त्याच्या साखळ्या सुट्या होतात आणि सापडेल तिथे चिकटतात. तुमच्याकडे कोणी यंत्राला वगैरे एरंडेल घालतं का?"

मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं. यंत्राला कोणी घालत नाही.

घरी येऊन सासूबाईंचं सामान बांधायला घेतलं. साड्या, चष्म्याची दुसरी जोडी, औषधांचा डबा. मग एरंडेलाची बाटली हातात आली. ती बॅगेत घालायची की नाही, याचा विचार करत मी खुर्चीवर बसले. त्यांच्याच खुर्चीवर. बाटलीला बाहेरून तेलाचे ओघळ होते आणि त्यांत माझ्या अंगठ्याचा ठसा होता, अगदी स्वच्छ.

आता लिहिते ते सावकाश लिहिते. सकाळी तेल चोळते, उजव्या अंगठ्याने, वाटीच्या खाली जोर देऊन. हात धुते. लॅबमध्ये हातमोजे चढवते तेव्हा डाव्या हाताचा मोजा उजव्या उघड्या हाताने ओढते. मग मोज्याच्या बाहेरच्या बाजूला तेल लागतं. आणि मला बारकी नळी त्याच डाव्या अंगठ्याने उघडायची खोड आहे. एका हाताने, झाकणाखाली टोक घालून. पहिल्या दिवसापासून सगळे टोकतात. दिवसाला शंभर झाकणं. बारा वेळा धुतलं तर आणखी शंभर.

चरबी हुडकायचं हेच तर त्या रिसेप्टरचं काम. कणभर होती, त्याने हुडकली आणि धरून उभा राहिला.

फेब्रुवारीच्या आधी गुडघे तो चोळायचा.

१३ सप्टेंबर

शनिवार असून लॅबमध्ये गेले. जाण्याआधी माझ्याच गुडघ्याला वीस मिनिटं एरंडेल चोळलं, हात धुतले. स्वतःचा गुडघा चोळताना बोलायला काहीच नसतं.

संध्याकाळी पडद्यावर डोंगर आला. टोकदार, एकच. इतका सुंदर होता की मी बराच वेळ बघत बसले. मग चित्र जपून ठेवलं आणि खाली लिहिलं: एरंडेल.

रविवारची गाडी पुढे ढकलली. नणंदेला म्हटलं, सामान पुरतं बांधून झालेलं नाही. झालं होतं.

१५ सप्टेंबर

मॅडमना सांगितलं. दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून सांगितलं. गुडघे, अंगठा, झाकण. तिन्ही ढेकळी आणि शनिवारचा डोंगर समोर ठेवले. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा म्हणतात तो काय असतो ते आज पाहिलं. हे मनात आलं आणि मला हसू फुटलं! आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि नको तिथे. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण त्यांचाही ओठ हलला.

"म्हणजे मी पंचवीस तारखेला तीनशे माणसांपुढे उभं राहून तुमच्या सासूबाईंचं गुडघ्याचं तेल जाहीर करणार होते."

"हो."

"आधी सांगितलंत ते बरं केलंत." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांची चार वर्षं त्यात होती. शेवटी म्हणाल्या, "परिषदेतून नाव काढून घेते. तुम्ही तीनदा तेलाचं करा, तीनदा बिनतेलाचं. काटेवाले ती चरबी शुद्ध देतील, बाटलीतून थेंब टाका. तुमचा अंगठा नको. आणि घड्याळांकडून करून घ्या, कोणत्या नळीत काय ते त्यांना सांगू नका."

दारापाशी पोचले तर म्हणाल्या, "हातगुण नव्हता तर."

वाईट वाटलं. थोडंसं, पण वाटलं. नोंद करते.

१६ सप्टेंबर

नणंदेला फोन केला. म्हटलं, आईंना दहा दिवस परत पाठव. प्रयोगाला लागतात.

"आई? प्रयोगाला?"

"त्यांचे गुडघे. तेल चोळून बघायचंय, पूर्वीसारखं. तीनदा करावं लागतं. मॅडमचा हुकूम आहे."

"वहिनी, तुमचं ते एरंडाचं गुऱ्हाळ मला काही कळत नाही. पण बघ हं, नंतर महिनाअखेरीला मी नेणार म्हणजे नेणार."

यातलं काही खरं नाही. थेंब टाकून भागतं, आणि चोळायचंच असेल तर मला दोन गुडघे आहेत. खोटं का बोलले ते लिहायचा प्रयत्न केला. येत नाही.

१९ सप्टेंबर

सासूबाई आल्या. पायऱ्या चढून दारात उभ्या, दम लागलेला नाही. आत येऊन आधी शेगडीकडे पाहिलं. "डबा खात होतीस म्हणे. भांडी तर कोरडी दिसतायत." मग बांधलेली बॅग पाहिली. बॅग उघडून चष्मा तेवढा काढून घेतला.

२० सप्टेंबर

सकाळी गुडघे, वीस मिनिटं. त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्या इतक्या हसल्या की खुर्ची हलली. "माझ्या लेकाने दोन वर्षांपूर्वी डबा स्वस्तात आणला म्हणून तुमच्या मॅडम गावभर मिरवणार होत्या!" मीही हसले. मग मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या ते सांगितलं आणि माझा हात थांबला. त्या म्हणाल्या, "चोळ, थांबू नकोस."

लॅबमध्ये जाताना आता दोन जोड मोजे घालते. वरचा जोड चिमट्याने उचलते.

२४ सप्टेंबर

घड्याळांच्या हातून डोंगर आला. दोनदा. कोणत्या नळीत थेंब होता ते कळल्यावर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चार वर्षं मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटायचं, या माणसाला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, पोकळीचा आकार तर कळला. पेशीची खरी चरबी याच्याच जातीची काहीतरी असणार, आता त्या अंगाने शोधू. अनाथ तो अनाथच राहिला, पण निदान थेंब दिला तर उभा राहतो.

२६ सप्टेंबर

आज तिसरं झालं. तिन्ही थेंबवाले उभे, तिन्ही रिकामे कोलमडले. घरी येऊन चहा ठेवला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "झालं तुझं तीनदा?"

"झालं."

"मग लेकीला कळवते. रविवारी गाडी पाठवेल."

मी म्हटलं, "अजून एकदा करावं लागेल बहुतेक. मॅडमना शंका आहे."

"खोटं बोलतेस."

मी कप काढायला लागले.

"तेल बाटलीत आहे. त्याला माझे गुडघे कशाला लागतील? मी शिकलेली नसेन, मठ्ठ नाही."

"मग आलात कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून." त्या आत येऊन स्टुलावर बसल्या, माझ्या स्टुलावर. "आता माझंही ऐक. माझे गुडघे दुखत नाहीत."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं. तो होता तेव्हाच थांबले होते. त्याला सांगितलं नाही. म्हाताऱ्या आईपाशी लेक वीस मिनिटं बसतोय, कोण सांगतं? मग तो गेला. पाच दिवस तू एक अक्षर बोलली नाहीस. माणसं येत होती, जात होती, तू नुसती दारं उघडत होतीस. पाचव्या दिवशी सकाळी बाटली घेऊन माझ्यासमोर येऊन बसलीस. मला म्हणायचं होतं, राहू दे गं, दुखत नाहीत. तेवढ्यात चोळता चोळता तू म्हणालीस, 'आई, त्याच्या ब्रशला अजून साबण आहे. धुवू का?'"

चहा उतू गेला. कोणीच हललं नाही.

"मला हे आठवत नाही," मी म्हटलं.

"तुला कसं आठवेल? तू वीस मिनिटं बोलायचीस आणि उठलीस की तोंडाला कुलूप. मी म्हटलं, दुखू देत गुडघे. सकाळी एकदा पाय पुढे करायचा, एवढंच तर काम आहे."

मी शेगडी बंद केली. ओटा पुसायला फडकं घेतलं आणि पुसता येईना. हात हलत होते, दिसत नव्हतं काही. मग मला रडू आलं. मोठ्याने आलं, फार वाईट आवाज निघत होता. खाली जमिनीवर बसले ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून. किती वेळ ते पाहिलं नाही. तो गेला. माझा नवरा गेला. हे या वहीत मी पहिल्या दिवशीच लिहिलं होतं, पण ती नुसती नोंद होती.

२७ सप्टेंबर

नणंदेला फोन केला. म्हटलं, आईंना न्यायला माझी हरकत आहे.

ती म्हणाली, "अगं पण तूच म्हणालीस..."

म्हटलं, चुकलं होतं. एक रेघ मार.

सकाळी ब्रश धुतला. मग गुडघे, तेलाशिवाय. पस्तीस मिनिटं.